दार कुठल्या बाजूनं उघडायचं?

धामणगाव रेल्वेत घरांचे नकाशे काढणं हा माझा धंदा आणि गणपतीत नाटकाचं नेपथ्य हा नाद. एका वर्षी दिवाणखान्याचं दार मी प्रेक्षकांच्या बाजूला उघडणारं लावलं. नायिका आली ती दाराच्या फळीमागंच उभी राहिली. "बाई दिसलीच नाई न भाऊ!" मागून कोणीतरी ओरडलं.

घर आणि नाटक दोन्ही कळणारी माणसं कमीच. आपल्याकडं माधव आचवल होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी वास्तुकला शिकवली आणि मराठीत नाटकं, एकांकिका लिहिल्या. २०२६ हे त्यांचं जन्मशताब्दी वर्ष. याच वर्षी इंग्लंडच्या सर जॉन व्हॅनब्रूला जाऊन ३०० वर्षं होतात. तोही नाटककार आणि वास्तुकार.

गंमत म्हणजे शिवाजी महाराजांनी पहिल्यांदा सुरत लुटली त्याच महिन्यात, जानेवारी १६६४ मध्ये, हा लंडनला जन्मला. आणि विशीच्या आत कंपनीच्या नोकरीत थेट सुरतेला आला! तिथल्या इंग्रजांच्या घुमटदार कबरी तो विसरला नाही. लंडनमध्ये नवी चर्च बांधायची ठरली तेव्हा, १७११ मध्ये, त्यानं त्यांचं चित्र काढून दाखवलं.

मधल्या काळात फ्रान्सनं त्याला कैदेत टाकलं. बॅस्टिलही पाहून झालं. १६९६ मध्ये 'द रिलॅप्स' हे त्याचं विनोदी नाटक गाजलं. आणि १६९९ मध्ये, एकही घर बांधलेलं नसताना, त्याला कॅसल हॉवर्ड या महालाचं काम मिळालं! हाताशी हॉक्समूरसारखा मुरलेला जाणकार होता म्हणून निभावलं. या महालाची बरोक शैली म्हणजे दगडातलं नाटकच. दारातून आत पाऊल टाकलं की डोक्यावर उंच घुमट, माणूस बघतच राहतो.

पण १७०५ मध्ये त्यानं लंडनच्या हेमार्केटमध्ये स्वतःचं नाट्यगृह उभारलं, ते इतकं भव्य की दहातला एक शब्दही धड ऐकू येईना, असं सिबर या नटानं लिहून ठेवलंय. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या दाराला माफ केलं.

ब्लेनहाइम महालाच्या मालकिणीशी तर त्याचं इतकं बिनसलं की १७२५ मध्ये स्वतःचंच काम बघायला गेला, तेव्हा त्याला आत सोडलं नाही. घरमालकिणीचा राग काय असतो, ते आम्हा नकाशेवाल्यांना सांगायला नको.

व्हॅनब्रूचे महाल बघायला विलायतेला जावं लागेल. आचवलांचं 'किमया' मात्र मराठीत आहे. भिंत, खिडकी, उजेड माणसाशी कसे बोलतात, ते त्यात आहे. घर बांधायला काढलं असेल, तर माझ्याकडं येण्याआधी ते वाचून या.