वाटणीचे गणित बांधावर

कडोलीच्या शिवारात बटाटा असो की भाजीपाला, एकेक गुंठा मोलाचा असतो. म्हणून वाटणीची वेळ आली की हिशेब दुसऱ्यावर सोपवून चालत नाही. शाळेत शिकलेले अपूर्णांक, सरासरी व परिमिती एवढ्यावर तो घरच्या घरी पडताळता येतो. एक उदाहरण घेऊन आम्ही तो येथे मांडतो.

आधी माप. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा. ४० गुंठ्यांचा १ एकर. गुंठ्याचे आणे १६. उताऱ्यात ८ आणे दिसले तर तो अर्धा गुंठा. पुढील हिशेबात ३३ फुटांना आपण एक साखळी म्हणू.

अपूर्णांक : समजा, वडिलांच्या मालकीची २ एकर १० गुंठे, म्हणजे ९० गुंठे जमीन आहे. मृत्युपत्र न करता ते वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. आपणा ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे पत्नीला एक तृतीयांश मिळते व उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत सारखे वाटले जाते. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. तेव्हा आईला ३० गुंठे आणि तिन्ही मुलांना प्रत्येकी २० गुंठे.

परिमिती : आता २० गुंठे बांधावर कसे ओळखावे? पुष्कळजण बांधावरून पावले मोजतात. येथेच फसगत होते. ५ साखळ्या लांब व ४ रुंद तुकड्याचा घेर १८ साखळ्या, क्षेत्र २० गुंठे. ७ लांब व २ रुंद तुकड्याचाही घेर १८ साखळ्याच, पण क्षेत्र १४ गुंठे! पावले तेवढीच, जमीन सहा गुंठे कमी. उलट, १० लांब व २ रुंद पट्टी २० गुंठ्यांची खरी, पण तिचा घेर २४ साखळ्या. कुंपणाला तारेच्या प्रत्येक ओळीत १९८ फूट तार जादा लागेल. म्हणून घेर कुंपणासाठी मोजावा, वाट्यासाठी लांबी-रुंदीचा गुणाकार करावा.

सरासरी : तुकडा एका टोकाला ३ साखळ्या व दुसऱ्या टोकाला ५ साखळ्या रुंद असेल, तर ३ व ५ ची बेरीज ८, तिची निम्मी ४. ही सरासरी रुंदी. लांबी ५ साखळ्या असल्यास क्षेत्र २० गुंठे. मात्र दोन्ही टोके समांतर आणि बाजूचे बांध सरळ असले तरच हे जुळते. बांध वाकडा असेल तर शेताचे सरळ तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा मोजावा व शेवटी बेरीज करावी.

कायदेशीर हद्द सरकारी मोजणीनेच ठरते. परंतु सही करण्यापूर्वी हा हिशेब आई, भाऊ व बहीण यांनी एकत्र बसून कागदावर करावा. आकडा सर्वांना पटला, तर बांधावरची भांडणे पुष्कळ कमी होतील.