टेरिकॉटचं पुढे काय?

आमच्या गल्लीत येणारी बोहारीण आधी साडीचा पदर बोटांत चुरगळून बघते. सुती असेल तर तिला गोधडीवाल्या बायका विचारतात, सिंथेटिकला कोण विचारतो? मंडळात जमणाऱ्या जुन्या कपड्यांत तर तेच जास्त. शेवटी उकिरड्यावर जातात, तिथे कुणीतरी काडी लावतं आणि तो काळा, घशात बसणारा धूर कचरा वेचणाऱ्या बायका गिळतात.

मैत्रिणींनो, पॉलिएस्टर म्हणजे मुळात प्लास्टिकच. पाण्याची बाटली आणि पॉलिएस्टरची पँट एकाच जातीची! बाटल्या वितळवून धागा काढणं आता जुनं झालं. 'रिसायकल्ड' म्हणून मिरवणारं पॉलिएस्टर बहुतेक बाटल्यांचंच असतं, जुन्या कपड्यांचं नाही. कारण कपडा म्हणजे भेळ: सूत, पॉलिएस्टर, ताणणारा धागा, रंग, चेन, बटणं. वितळवणार काय काय?

म्हणून आता धागा मुळातूनच सुटा करायचे प्रयत्न चाललेत. मला आवडली ती फ्रान्सची गोष्ट. जपानमध्ये पालापाचोळ्याच्या खतात एक एन्झाइम सापडलं होतं. म्हणजे आपल्या खतखड्ड्यातलंच कुणी नातेवाईक! कार्बिऑस कंपनी आणि तुलूझच्या संशोधकांनी त्यात सुधारणा केली. २०२० साली त्यांनी दाखवलं, की ते १० तासांत बाटलीच्या प्लास्टिकचा ९० टक्के भाग मूळ घटकांत मोडतं. त्या घटकांतून पुन्हा नव्यासारखा धागा. २०२४ मध्ये निव्वळ कापडाच्या कचऱ्यातून याच पद्धतीने पांढरा टी-शर्ट झाला.

हाँगकाँगच्या संशोधकांनी मिश्र कापडावर उपाय काढलाय. पाणी, उष्णता, दाब आणि थोडं रसायन. सुताची भुकटी होते, पॉलिएस्टर तसंच राहतं.

आपल्या पानिपतला वर्षानुवर्षं बायका उभ्या पात्यावर, अगदी विळीवर बसल्यासारख्या, जुने लोकरी-अ‍ॅक्रिलिक कपडे चिरतात. बटणं, चेन काढून, रंग निवडून. त्यातून स्वस्त ब्लँकेटं होतात. ही निवड कुठल्याही नव्या यंत्राला लागणारच, पण तिचे दाम कोण बघतो?

आम्ही मंडळात दोन पोती केलीत, एक निव्वळ पॉलिएस्टरचं, एक मिश्र. लेबल नसेल तर एक दोरा ओढून चिमट्यात धरून जाळायचा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर आक्रसून कडक मणी होतो. पण लेबल ठेवलंत तर बरं. मुलांना टोचतं म्हणून आपण पहिलं तेच कापतो ना!