पाचवीचा अभ्यास आणि प्रौढांची स्मृती

प्रौढ स्पर्धकांना पहिली ते पाचवीच्या अभ्यासक्रमावरचे प्रश्न विचारणारा ‘आर यू स्मार्टर दॅन अ फिफ्थ ग्रेडर?’ हा कार्यक्रम फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर सुरू झाला. विनोदी कलाकार जेफ फॉक्सवर्दी त्याचे सूत्रसंचालन करीत. इतर अनेक देशांतही ही कल्पना उचलली गेली आणि २००८ मध्ये स्टार प्लस वाहिनीवर शाहरुख खान यांनी तिचे हिंदी रूप सादर केले. शीर्षकातील प्रश्न हुशारीचा असला, तरी कार्यक्रमात कस लागतो तो प्रामुख्याने स्मृतीचा.

मूळ अमेरिकी खेळात प्रत्येक इयत्तेचे दोन याप्रमाणे दहा प्रश्न असत आणि त्यानंतरचा अकरावा प्रश्न दहा लाख डॉलरचा असे. स्पर्धकाच्या जोडीला वर्गमित्र म्हणून शाळकरी मुले असत व त्यांची मदत तीन प्रकारे मिळे: मुलाचे उत्तर पाहून मग आपले ठरवणे, ते न पाहताच स्वीकारणे, आणि आपले उत्तर चुकले पण मुलाचे बरोबर असले तर त्याच्या आधारे बचावणे. हरलेल्या किंवा मध्येच थांबलेल्या स्पर्धकाला मात्र आपण पाचवीतल्या मुलाहून हुशार नसल्याची कबुली कॅमेऱ्यासमोर द्यावी लागे.

ही कबुली शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, पाठ केलेल्या गोष्टींचा विसर सुरुवातीला झपाट्याने पडतो आणि नंतर त्याचा वेग मंदावतो. या आलेखाला विस्मरणवक्र म्हणतात. शिवाय समोर आलेले उत्तर ओळखणे, म्हणजे प्रत्यभिज्ञा, आणि कोणताही आधार नसताना ते मनातून वर काढणे, म्हणजे प्रत्यावाहन, या दोन क्रियांपैकी दुसरी सामान्यतः अवघड असते. मुलाचे उत्तर पाहताच प्रौढाला ‘हे तर माहीत होते’ असे वाटते ते यामुळेच. मुलांची उजळणी रोज चाललेली असते, तर प्रौढांचा त्या धड्यांशी संबंध कित्येक वर्षांपूर्वीच सुटलेला असतो.

त्यातच शालेय ज्ञान स्वतःही बदलत जाते. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोला बटुग्रह ठरवल्यानंतर, शाळेत नऊ ग्रह शिकलेल्या प्रौढाचे जुने बरोबर उत्तर चुकीचे ठरले. जॉर्जिया राज्याच्या शालेय शिक्षणप्रमुख कॅथी कॉक्स यांनी २००८ मध्ये सर्वोच्च बक्षीस जिंकले, तेव्हा सर्वाधिक काळ राज्य करणारा ब्रिटिश राज्यकर्ता कोण, या प्रश्नाचे ‘राणी व्हिक्टोरिया’ हे उत्तर अचूक होते. २०१५ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीने तो विक्रम मोडला. विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणांवरील संशोधनासाठी २००६ चे नोबेल मिळवणारे जॉर्ज स्मूट यांना २००९ मध्ये तेच बक्षीस मिळाले, परंतु त्यांचा अखेरचा प्रश्न अकेडिया राष्ट्रीय उद्यान कोणत्या राज्यात आहे एवढाच होता आणि ‘मेन’ या उत्तराचा त्यांच्या संशोधनाशी काडीचाही संबंध नव्हता.

म्हणूनच अशा कार्यक्रमातील पराभवावरून कोणाच्याही बुद्धीचे माप काढणे अन्यायाचे आहे. शिकलेले टिकायचे तर ते पुन्हा पुन्हा वापरावे आणि वेळोवेळी तपासून घ्यावे लागते, हा त्याचा खरा धडा असून, तो शाळकरी मुलांइतकाच त्यांच्या पालकांनाही लागू पडतो.