इंग्रजी घंटावादन : पद्धती आणि रचना

उपासनेची वेळ झाली हे गावाला कळविणे, एवढेच चर्चच्या घंटेचे काम आपण सामान्यतः समजतो. युरोपातील काही देशांत घंटांवर गीतांच्या चालीही वाजविल्या जातात. इंग्लंडात मात्र सतराव्या शतकात एक निराळीच कला उदयास आली. तीत चाल नसते. असतो तो केवळ क्रमांचा अखंड बदल. 'चेंज रिंगिंग' या नावाने ती ओळखली जाते. फेबियन स्टेडमन या मुद्रकाने १६६८ व १६७७ साली प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांनी तिचे शास्त्र प्रथम मांडले.

१. घंटेची मर्यादा

या कलेचे मूळ घंटेच्या बांधणीत आहे. प्रत्येक घंटा एका पूर्ण चाकाला जोडलेली असते व चाकावरून दोर खाली येतो. वादक घंटेचे तोंड आकाशाकडे येईपर्यंत तिला चढवितो. मग प्रत्येक ओढीसरशी ती संपूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा तोंड वर करून क्षणभर तोलून राहते. त्या क्षणी तिला किंचित थोपविता येते किंवा किंचित लवकर ओढता येते. त्याहून अधिक नाही. म्हणून एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना घंटेला फार तर एकच स्थान पुढे किंवा मागे सरकता येते. चाल वाजविणे अशक्य ठरते ते यामुळेच, आणि सारी कला उभी आहे तीही याच बंधनावर.

२. पद्धती

सर्वांत उंच स्वराच्या घंटेला १ धरून खालच्या स्वरांकडे क्रमांक देतात. चार घंटांचे उदाहरण घेऊ. १२३४ या सरळ क्रमापासून शेजारशेजारच्या घंटा जागा बदलीत जातात : २१४३, २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४, आणि पुन्हा १२३४. यात प्रत्येक घंटा पहिल्या स्थानापासून शेवटच्या स्थानापर्यंत जाऊन परत येते. परंतु ओळी आठच झाल्या. चार घंटांचे संभाव्य क्रम तर २४ आहेत. उरलेले कसे मिळवावे ?

'प्लेन बॉब' या पद्धतीचे उत्तर सोपे आहे. १३२४ नंतर १२३४ कडे न वळता दुसऱ्या स्थानावरील घंटेने तेथेच थांबावे व शेवटच्या दोघींनी जागा बदलावी; म्हणजे १३४२ मिळते. तेथून तोच प्रवास पुन्हा करावा. असे तीनदा केले की एकही क्रम दुबार न येता चोवीसही ओळी पूर्ण होतात व १२३४ परत येते. वादकापुढे कागद नसतो. आपल्या घंटेची वाट त्याने मुखोद्गत केलेली असते.

३. रचना

घंटा वाढल्या की संख्या झपाट्याने वाढते : सहा घंटांचे ७२० क्रम, सातांचे ५०४०, आठांचे ४०३२०. सहा घंटांवरील प्लेन बॉब आपोआप चालू दिल्यास ६० ओळींतच आरंभाला येऊन मिळते. पुढे जाण्यासाठी संचालक मध्येच हाक देतो. 'बॉब' म्हटले की तीन घंटांच्या वाटा बदलतात, 'सिंगल' म्हटले की दोघींच्या. या हाका कोठे द्यावयाच्या याची योजना म्हणजे रचना. तिचा नियम कडक आहे : कोणतीही ओळ दुसऱ्यांदा येता कामा नये. एक ओळ जरी दुबार आली तरी सारे वादन 'असत्य' ठरते.

केवळ 'बॉब' वापरून सहा घंटांवर ३६० ओळींपलीकडे जाता येत नाही. दुसरा अर्धा भाग 'सिंगल'नेच उघडतो. सात घंटांच्या 'ग्रँडसायर' पद्धतीत जॉन होल्ट याने १७५१ साली दोन 'सिंगल' योजून ५०४० ओळी साधल्या. केवळ 'बॉब'ने त्या साधणारच नाहीत, हे डब्ल्यू. एच. टॉम्सन यांनी १८८६ मध्ये सिद्ध केले. ५०४० ओळींचे पहिले सत्य वादन २ मे १७१५ रोजी नॉरिच येथील सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये झाले. १९६३ मध्ये लफबरो येथे आठ वादकांनी ४०३२० ओळी न थांबता सुमारे अठरा तासांत पूर्ण केल्या.

४. मनोरा आणि मंडळी

आपणा धर्मसेवकांच्या दृष्टीने या इतिहासाचा एक भाग विशेष मननीय आहे. अठराव्या शतकात अनेक ठिकाणी वादक मंडळीपासून दुरावले. वादन हा बक्षिसांचा व मद्यपानाचा खेळ झाला. घंटा वाजवून उपासनेला न थांबताच निघून जाण्याची रीत पडली. बिटन येथील रेव्ह. एलाकोम यांनी १८२१ मध्ये एक यंत्र योजले. त्याच्या साहाय्याने एकटा मनुष्य स्थिर घंटांवर हातोड्या पाडून त्या साऱ्या वाजवू शके. उपद्रवी वादकांची गरज संपली खरी. पण जेथे हे यंत्रच वापरात राहिले, तेथे ती कलाही मुकी झाली.

पुढच्या पिढीने दुसरा मार्ग धरला. ड्रेटनचे रेव्ह. एफ. ई. रॉबिन्सन स्वतः दोर हाती घेऊन वादकांमध्ये उभे राहिले, आणि अशी एक हजार दीर्घ वादने पुरी करणारे ते पहिले गृहस्थ ठरले. वादकांची मध्यवर्ती परिषद १८९१ मध्ये स्थापन झाली. आजही प्रत्येक वादक उपासक असतोच असे नाही. तरी मनोरा व मंडळी यांचा संबंध पुन्हा जुळला, तो यंत्राने नव्हे, सहवासाने.

पुण्यातील पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या स्वतंत्र मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटांचा संच आहे. तो मनोरा पाहण्याचा योग आल्यास वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे : या कलेत कोणतीही घंटा एकटीने चाल वाजवीत नाही. प्रत्येकीने शेजारणीला वाट द्यावी, वेळ आली की स्वतः पुढे व्हावे, आणि आपले स्थान चुकू देऊ नये. आपापल्या मंडळीत एखादा गुणी परंतु काठावर उभा असलेला गट असेल, तर त्याच्याशी कसे वागावे याचा विचार करताना एलाकोम व रॉबिन्सन या दोघांच्या वाटा शेजारी ठेवून पाहाव्यात.