बैठकांचा हिशेब आणि भाकरीचा

धाराशिव, म्हणजे पूर्वीचें उस्मानाबाद, हा ज्वारीचा मुलूख. कुस्तीचीहि तेथें आवड आहे. २०२३ सालच्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या धाराशिव शहरींच झाल्या. आतां तालमीच्या जोडीला लोखंडी वजनांच्या व्यायामशाळा आल्या आहेत, आणि व्यायाम संपतांच मनगटावरील घड्याळ खर्च झालेल्या कॅलरींचा आंकडा सांगतें. तो पाहून कोणी भाकरी वाढवितो, कोणी ती कमी करतो. या आंकड्यावर कितपत विसंबावें?

एक लिटर पाणी एक अंश सेंटिग्रेडनें तापविण्यास लागणारी उष्णता ती आहारशास्त्रांतील एक कॅलरी. शरीर अन्न जाळतें तें प्राणवायूच्या साहाय्यानें, आणि एक लिटर प्राणवायु खर्ची पडला म्हणजे सुमारें ५ कॅलरी उष्णता मोकळी होते. म्हणून शोषलेला प्राणवायु मोजला कीं खर्च कळतो. १७९० च्या सुमारास पॅरिसमध्यें लाव्हाझिए यानें आपल्या सहकाऱ्याकडून वजन उचलवून श्रमानें प्राणवायूचा खप वाढतो हें दाखविलें.

श्रोत्यांनीं एक सोपा हिशेब करून पाहावा. ७० किलो वजनाचा मनुष्य बैठक मारतो तेव्हां सुमारें ६० किलो भार अर्धा मीटर वर उचलला जातो. अशा शंभर बैठकांचें निव्वळ काम केवळ ७ कॅलरींचें भरतें. परंतु स्नायु जाळलेल्या अन्नाचा जेमतेम चौथा हिस्साच कामांत उतरवितात. बाकीची उष्णता होते. त्यांत खालीं येतांना भार आवरण्याचा खर्च मिळविला, तर शंभर बैठकांस ३५ ते ४० कॅलरी लागतात. पाऊणशें ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरींत सुमारें २५० कॅलरी असतात. म्हणजे एका भाकरीस सहा-सातशें बैठका!

चालण्याचा खर्च मोजणें त्या मानानें सोपें, कारण ती चाल एकसारखी असते. वजन उचलणें हें क्षणाचें काम व मागून विश्रांति. त्या क्षणीं स्नायु प्राणवायूची वाट न पाहतां सांठविलेलें इंधन वापरतात आणि तें कर्ज पुढें श्वासानें फेडतात. वजन निश्चल धरून ठेवलें तर बाह्य काम शून्य, तरी इंधन जळतेंच. शिवाय श्वास कोंडून जोर लावला कीं नाडी प्राणवायूच्या खपापेक्षां अधिक वेगानें धांवते. नाडीवरून अदमास करणारें घड्याळ तेथेंच चुकतें.

व्यवहारास पुरेल अशी एक रीत आहे. शरीराचें वजन किलोंत घेऊन तासांनीं गुणावें. मग साधारण व्यायामास साडेतीननें व कसून केलेल्यास सहानें गुणावें. ७० किलोच्या मनुष्यास तासाला २४५ ते ४२० कॅलरी येतात. त्यांपैकीं सुमारें ७० त्यास स्वस्थ बसूनहि लागल्याच असत्या. त्या वजा केल्या पाहिजेत.

एवढ्या रुंद पट्ट्यावर रोजचें ताट मोजूं नये. वाढत्या वयाच्या पोरानें घड्याळाकडे पाहून भाकरी सोडली, तर त्याचें बळच खचेल. आठवड्यांतून एकदां, सकाळीं, एकाच कांट्यावर वजन करावें आणि तीन-चार आठवड्यांचा कल पाहून आहार बेतावा. स्नायु व हाडें बळकट होणें हा या व्यायामाचा मुख्य लाभ. तो कॅलरींच्या आंकड्यांत दिसत नाहीं.