डेस्कटॉप संगणकाची स्मृतिवाढ

डेस्कटॉप संगणकाची स्मृतिवाढ म्हणजे वापरात असलेल्या संगणकाच्या मदरबोर्डवर अधिक क्षमतेच्या किंवा अधिक संख्येने रॅमपट्ट्या बसवून त्याची कार्यकारी स्मृती वाढवणे होय. नवा संगणक न घेता जुन्याचे आयुष्य वाढवण्याचा हा तुलनेने स्वस्त मार्ग आहे. मात्र संगणक मंदावण्याचे कारण स्मृतीची कमतरता हेच असेल आणि घेतलेली पट्टी मदरबोर्डशी जुळत असेल, तरच हा खर्च सार्थकी लागतो. या लेखात कमी खर्चात स्मृती कशी निवडावी व कशी बसवावी याची माहिती दिली असून, उष्ण व कोरड्या हवेच्या सोलापूरसारख्या शहरात घ्यावयाची काळजीही नमूद केली आहे.

## कार्यकारी स्मृती व साठवण

संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन प्रमुख जागा असतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कायमची साठवण होय. वीज गेली तरी तेथील माहिती टिकते. रॅम ही कार्यकारी स्मृती होय. प्रक्रियक त्या क्षणी ज्या माहितीवर काम करत असतो ती येथे असते आणि संगणक बंद होताच पुसली जाते. सोलापुरी चादरीवरील नक्षी जकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून उतरते. पुठ्ठ्यांची संपूर्ण माळ म्हणजे साठवण आणि त्या क्षणी मागावर वाचला जाणारा पुठ्ठा म्हणजे कार्यकारी स्मृती, अशी ढोबळ तुलना करता येते.

रॅम अपुरी पडली की कार्यप्रणाली तिच्यातील काही मजकूर तात्पुरता डिस्कवर हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधून माहिती मिळण्यास साधारण १०० नॅनोसेकंदांहून कमी वेळ लागतो, तर फिरत्या हार्ड डिस्कवरील माहिती शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे हा फरक सुमारे १ लाख पटींचा आहे. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना संगणक अडखळतो आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो, तो यामुळेच.

स्मृतीची क्षमता बाइटमध्ये मोजतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास ३ बाइट लागतात. ‘सोलापूर’ या शब्दात स, ओकार, ल, आकार, प, दीर्घ ऊकार व र अशी ७ चिन्हे असल्याने तो २१ बाइट व्यापतो. १ जीबी स्मृतीत हा शब्द सुमारे ५ कोटी ११ लाख वेळा मावेल. यावरून केवळ मजकुरासाठी फारशी स्मृती लागत नाही हे स्पष्ट होते. आजच्या संगणकाची स्मृती प्रामुख्याने ब्राउझर, चित्रे, ध्वनिचित्रफिती आणि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या आज्ञावली व्यापतात.

## पार्श्वभूमी

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा आरंभीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या फेराइट कड्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजेच तिची क्षमता १० केबी होती. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये आयबीएममध्ये एक ट्रान्झिस्टर व एक धारित्र यांवर आधारलेल्या गतिक स्मृतीची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये इंटेलने १०२४ बिटांची ११०३ ही चिप बाजारात आणली. आजची ८ जीबीची एक पट्टी टिफ्रॅकच्या स्मृतीपेक्षा ८ लाखांहून अधिक पट क्षमतेची असते.

## गरज ओळखणे

खरेदीपूर्वी संगणकाची नेहमीची कामे सुरू ठेवून स्मृतीचा वापर पाहावा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी’ निवडल्यास एकूण स्मृती, वापरातील स्मृती, तिचा वेग आणि किती स्लॉट भरलेले आहेत ही माहिती दिसते. लिनक्समध्ये ‘फ्री’ ही आज्ञा एकूण व वापरातील स्मृती दाखवते.

* नेहमीच्या कामात वापर सतत ८५ ते ९० टक्क्यांपुढे राहत असेल, तर स्मृतिवाढीचा लाभ होण्याची शक्यता मोठी असते.
* स्मृती निम्मी रिकामी असूनही डिस्कचा वापर १०० टक्के दिसत असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे अधिक उपयुक्त ठरते.
* प्रक्रियकाचा वापर सतत १०० टक्के असेल, तर स्मृती वाढवून फरक पडत नाही.
* ३२ बिटांची कार्यप्रणाली असेल, तर सर्वसाधारणपणे ४ जीबीपेक्षा अधिक स्मृती वापरता येत नाही. अशा वेळी प्रथम ६४ बिटांची कार्यप्रणाली बसवावी लागते.

मराठी टंकलेखन, पत्रव्यवहार, हिशेब आणि ब्राउझरच्या मोजक्या खिडक्या यांसाठी ८ जीबी स्मृती साधारणतः पुरते. वस्त्रनक्षी, छपाईची मांडणी, अभियांत्रिकी आरेखन किंवा आज्ञावली लेखन करणाऱ्यांना १६ जीबी सोयीची ठरते. ध्वनिचित्रफितींच्या मोठ्या संपादनासाठी ३२ जीबीचा विचार करावा लागतो. गरजेपेक्षा अधिक बसवलेली स्मृती रिकामी राहते. तिच्यामुळे संगणक अधिक वेगवान होत नाही.

## योग्य प्रकाराची निवड

कोणती पट्टी चालेल हे मदरबोर्ड व प्रक्रियक ठरवतात. प्रत्येक पिढीच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असल्याने एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

| पिढी | आरंभ | डेस्कटॉप पट्टीवरील संपर्कबिंदू | प्रमाण विद्युतदाब |
|---|---|---|---|
| डीडीआर२ | २००३ | २४० | १.८ व्होल्ट |
| डीडीआर३ | २००७ | २४० | १.५ व्होल्ट |
| डीडीआर४ | २०१४ | २८८ | १.२ व्होल्ट |
| डीडीआर५ | २०२० | २८८ | १.१ व्होल्ट |

लॅपटॉपची पट्टी आखूड असते व ती नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये बसत नाही. मात्र काही छोट्या आकाराच्या डेस्कटॉप संगणकांत तीच वापरलेली असते. म्हणून कॅबिनेट उघडून जुन्या पट्टीवरील चिठ्ठी वाचणे किंवा ‘सीपीयू-झेड’सारख्या आज्ञावलीतून माहिती घेणे हितावह असते.

चिठ्ठीवर वेग दोन प्रकारे लिहिलेला आढळतो. ‘डीडीआर४-३२००’ यातील संख्या दर सेकंदाला होणारी दशलक्ष हस्तांतरणे दर्शवते. प्रत्येक हस्तांतरणात ८ बाइट जात असल्याने ३२०० ला ८ ने गुणून येणारी २५६०० ही संख्या ‘पीसी४-२५६००’ अशी लिहितात. दोन्ही नावे एकाच वेगाची आहेत. वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्यास त्या सर्व सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात. मदरबोर्ड किंवा प्रक्रियक पेलू शकत नाही अशा वेगाची महाग पट्टी घेऊन लाभ होत नाही.

मदरबोर्डची कमाल मर्यादाही पाहावी लागते. २०११ मध्ये आलेल्या इंटेल एच६१ चिपसेटवर आधारित अनेक मदरबोर्ड भारतात जोडणी केलेल्या संगणकांत वापरले गेले. त्यांत डीडीआर३ चे दोनच स्लॉट असून कमाल मर्यादा १६ जीबी असते. नेमकी मर्यादा मदरबोर्डच्या उत्पादकाने दिलेल्या पुस्तिकेत असते.

बहुतेक मदरबोर्डांवर स्मृतीच्या दोन वाहिन्या असतात. दोन समान पट्ट्या दोन वाहिन्यांत विभागून बसवल्यास माहितीच्या वहनाची कमाल क्षमता दुप्पट होते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे पडद्यावरील चित्रणासाठीही हीच स्मृती वापरली जाते. दोनच स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर पुढे आणखी वाढ करायची असेल, तर मात्र मोठ्या क्षमतेची एक पट्टी घेऊन एक स्लॉट मोकळा ठेवणे सोयीचे असते.

## खर्चाचा विचार

स्मृतीच्या चिपांचे जागतिक उत्पादन मुख्यत्वे सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्यांकडे एकवटलेले आहे. त्यामुळे दरांत मोठे चढउतार होतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने हे दर झपाट्याने वाढले. उत्पादन घटलेल्या जुन्या पिढीची नवी पट्टी प्रति जीबी स्वस्त असेलच असे नाही. दोन पट्ट्यांची तुलना करताना एकूण किमतीऐवजी प्रति जीबी दर काढून पाहावा.

वापरलेल्या पट्ट्या हा स्वस्त पर्याय होय. स्मृतीत फिरणारा भाग नसल्याने सुस्थितीतील पट्टी दीर्घकाळ टिकते. खरेदी करताना पुढील बाबींकडे लक्ष द्यावे :

* सर्व्हरसाठीची ‘रजिस्टर्ड’ प्रकारची पट्टी जुन्या बाजारात स्वस्त मिळते, परंतु ती सामान्य डेस्कटॉपवर चालत नाही.
* ‘केवळ एएमडीसाठी’ असे लिहिलेल्या जुन्या पिढीच्या पट्ट्या इंटेलच्या मदरबोर्डवर सहसा चालत नाहीत.
* चिठ्ठी खरवडलेली, संपर्कबिंदू काळवंडलेले किंवा चिपा एकमेकींपासून भिन्न दिसणारी पट्टी टाळावी.
* पट्टी चालली नाही तर परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी.

सोलापुरातील ग्राहकाला परतीची अट विशेष महत्त्वाची असते. सुट्या भागांचा मोठा व्यापार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत चालतो आणि मुंबई सोलापूरपासून सुमारे ४०० किलोमीटर अंतरावर आहे. चुकीची पट्टी मागवली गेल्यास पाठवणी, परतफेड व वाट पाहणे यांत दरातील बचत संपते. स्थानिक दुकानात संगणकच नेऊन पट्टी बसवून व तपासून घेतल्यास किंमत थोडी अधिक असली तरी तो व्यवहार फायद्याचा ठरू शकतो.

एकूण संगणकाचे उरलेले आयुष्यही विचारात घ्यावे. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती पुरत असली, तरी टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा व ठरावीक प्रक्रियकही आवश्यक असतात. त्यामुळे एच६१ सारख्या जुन्या मदरबोर्डवर कितीही स्मृती वाढवली तरी तो अधिकृतरीत्या विंडोज ११ साठी पात्र होत नाही. अशा संगणकावर थोडक्या खर्चात ८ जीबी स्मृती व एसएसडी बसवून लिनक्स मिंटसारखी कार्यप्रणाली वापरणे, हा अभ्यासासाठी व्यवहार्य मार्ग आहे.

## बसवण्याची पद्धत

1. महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.
2. संगणक बंद करून वीजजोडणी काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे. त्यामुळे आत उरलेला विद्युतभार निघून जातो.
3. कॅबिनेट आडवे ठेवून बाजूचे झाकण काढावे. रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थितिक वीज उतरवावी आणि काम सुरू असताना असा स्पर्श अधूनमधून करावा.
4. स्लॉटच्या टोकांचे खटके बाहेरच्या बाजूस उघडावेत. काही मदरबोर्डांवर एकाच टोकाला खटका असतो.
5. पट्टी कडांना धरावी. संपर्कबिंदूंना बोट लावू नये. पट्टीची खाच व स्लॉटमधील उंचवटा जुळवून पट्टी सरळ खाली ठेवावी.
6. दोन्ही टोकांवर समान दाब द्यावा. खटका आवाज करून आपोआप मिटला म्हणजे पट्टी नीट बसली असे समजावे. ती बसत नसेल, तर अधिक जोर न लावता दिशा व पिढी पुन्हा तपासावी.
7. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या सहसा प्रक्रियकापासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. याबाबत पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी.
8. झाकण लावून संगणक सुरू करावा व बायोसमध्ये एकूण स्मृती पाहावी. डीडीआर५ असल्यास पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो.

पट्टीचा वेग अपेक्षेपेक्षा कमी दिसत असल्यास बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्सपो ही मांडणी तपासावी; तिच्याशिवाय काही पट्ट्या मूळ प्रमाण वेगानेच चालतात.

## चाचणी व अडचणी

नवी पट्टी बसवल्यावर संगणक सुरू झाला एवढ्यावर समाधान मानू नये. सदोष स्मृतीमुळे धारिका नकळत बिघडू शकतात. विंडोजमधील स्मृती तपासणीची सोय किंवा मेमटेस्ट८६+ ही मुक्त आज्ञावली रात्रभर चालवावी. एकही चूक आढळल्यास पट्ट्या एकेक करून तपासाव्यात व सदोष पट्टी मुदतीत परत करावी.

संगणक सुरू न होता बीप वाजत राहिल्यास पट्टी काढून पुन्हा बसवावी. संपर्कबिंदू मळले असतील, तर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावेत. दुरुस्तीच्या दुकानांत यासाठी खोडरबर वापरण्याची पद्धत रूढ आहे; तो हलक्या हाताने वापरून त्याचा चुरा पूर्णपणे झटकावा, कारण जोरात घासल्यास सोन्याचा पातळ मुलामा झिजतो.

## सोलापुरातील हवामान व धूळ

सोलापुरात एप्रिल व मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसपुढे जाते व दुपारची हवा कोरडी असते. कोरड्या हवेत अंगावर स्थितिक वीज सहज साठते. सुमारे ३००० व्होल्टपेक्षा कमी दाबाचे विसर्जन माणसाला सहसा जाणवतही नाही, पण चिपेची हानी होण्यास त्याहून बरेच कमी विभव पुरेसे असते. म्हणून हे काम कृत्रिम धाग्यांच्या सतरंजीवर किंवा पलंगावर न करता लाकडी मेजावर, सुती कपड्यांत करावे.

यंत्रमागांच्या परिसरात सुताचे बारीक तंतू पंख्यांवर व स्लॉटमध्ये साचतात. नवी पट्टी बसवण्यापूर्वी मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने ते काढावेत. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती धरून ठेवावीत.

## जुन्या पट्ट्यांची विल्हेवाट

चालू स्थितीतील जुनी पट्टी विकता येते किंवा त्याच पिढीचा संगणक असलेल्या शाळेला देता येते. निकामी पट्टी घरगुती कचऱ्यात टाकू नये. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण यंत्रणेकडे पोहोचणे अपेक्षित आहे.