विद्यापीठाचा वार्षिक अहवाल कसा वाचावा?

विद्यापीठाला एकाच वर्षी नवे संशोधन प्रकल्प मिळतात, नॅककडून वरची श्रेणी मिळते आणि तरीही अर्थसंकल्प तुटीचा असतो. असे का होते?

कारण हा सगळा पैसा एकाच थैलीतला नसतो. प्रकल्पाचे अनुदान त्या प्रकल्पावरच खर्च करावे लागते; पदकासाठी दिलेल्या ठेवीचे व्याज पदकावरच. वेतन, वीज, ग्रंथालय हा आवर्ती खर्च मुख्यतः शासकीय अनुदान आणि शुल्क यांतूनच भागवावा लागतो.

ही ओढाताण जुनी आहे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या विश्वभारतीसाठी निधी जमवायला रवींद्रनाथ टागोर उतारवयातही नृत्यनाट्यांचे दौरे काढत. १९३६ मध्ये गांधीजींनी ६०,००० रुपये मिळवून दिले. नियमित अनुदानाची वाट मोकळी झाली ती १९५१ मध्ये, संसदेच्या कायद्याने ते केंद्रीय विद्यापीठ झाल्यावर.

केंद्रीय विद्यापीठांचे अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब संसदेपुढे ठेवले जातात. ते वाचताना तुम्ही तीन गोष्टी पाहा: आवर्ती खर्च कशातून भागतो, अध्यापकांची किती पदे रिक्त आहेत आणि शुल्काचा वाटा वाढतो आहे का. तुटीची झळ वर्गात पोहोचते ती रिक्त पदांतून आणि वाढीव शुल्कातून.